शिवारातलं सामान्य ज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी अभ्यासिकेच्या बाहेर एक फळा लावला आहे. मनात आलेला प्रश्न कुणीही खडूनं तिथे लिहावा आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बसून उत्तर शोधावं, अशी पद्धत आहे. तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं लिहितात, डेअरीवर दूध घालून परतणारे काकाजी लिहितात, बचत गटाच्या बायाही लिहितात. काही प्रश्न दरवर्षी नव्यानं फळ्यावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जगातली सर्वांत लांब नदी कोणत्याही गाइडमध्ये सापडते, पण गावच्या नाल्याचं पाणी कुठे जातं ते सापडत नाही. म्हणून आपल्या शिवारातले प्रश्न आधी घेतले.

आपल्या नाल्याचं पाणी आखरीले कोणत्या समुद्रात जाते?

बंगालच्या उपसागरात. यवतमाळ जिल्ह्यात पडलेला पाऊस एकतर वर्धा नदीला मिळतो, नाहीतर पैनगंगेला. पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रातून समुद्राला.

पण आपल्या जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या सोयऱ्याचं उत्तर अकोटच्या सोयऱ्याला लागू होत नाही. अकोट, दर्यापूर, शेगाव, मलकापूर हा भाग पूर्णेच्या खोऱ्यात येतो. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेकडून अरबी समुद्रात जाते. म्हणजे वऱ्हाडातल्याच दोन गावांचं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं.

त्याहून नवलाची गोष्ट उगमाची आहे. पश्चिमेला जाणारी तापी आणि पूर्वेच्या वाटेला लागणारी वर्धा, दोघींचे उगम मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या परिसरातच आहेत. सातपुड्याच्या त्या पठारावर पाऊस थोडा इकडे पडला की सुरत, थोडा तिकडे पडला की गोदावरीकाठची राजमहेंद्री. नकाशा घेऊन दोन्ही नद्यांवरून एकदा बोट फिरवा. परीक्षेला हा प्रश्न आला तर आयुष्यात चुकणार नाही.

पूर्णेच्या काठी विहिरीला पाणी असूनही ओलीत का करत नाहीत?

तो खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते पिकाला दिलं की क्षार जमिनीत साचतात, माती चोपण होते आणि पाण्याचा निचरा थांबतो. प्यायलाही ते चालत नाही. म्हणूनच तिथल्या शेतकऱ्याला शेततळं आणि पावसाचं साठवलेलं पाणी लाखमोलाचं वाटतं.

काळी जमीन उन्हाळ्यात एवढी का फाटते?

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. एप्रिल-मे महिन्यात एवढी आकसते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. ही माती ज्या काळ्या दगडापासून झाली तो बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हा काळा दगड जवळपास नाहीच, तिथला खडक याहून कितीतरी जुना आहे. म्हणून तिकडे धान आणि मालगुजारी तलाव, इकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि विहीर. मालगुजारी तलाव हे गावोगावच्या लोकांनी उतार बघून बांधलेलं फार मोठं काम आहे, त्याची ओळख शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवी.

लोणारचं पाणी गुलाबी कशानं झालं होतं?

जून 2020 मध्ये तसं झालं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पाऊस पडून पाणी पातळ झालं तसा रंग उतरला. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि ते उल्का आदळून झालेलं आहे, ज्वालामुखीचं नव्हे. उल्केनं बेसॉल्टमध्ये पाडलेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. 2020 सालीच लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते खारट आणि अल्कधर्मी आहे.

सातबाऱ्यावर 1.62 लिहिलं आहे. म्हणजे किती एकर?

4 एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. 1.62 म्हणजे 1 हेक्टर 62 आर. हेक्टरच्या आकड्याला 2.471 नं गुणलं की एकर निघतात.

गोंधळ होतो तो आर आणि गुंठ्याचा. दोन्ही एकच समजून व्यवहार करणारे लोक आहेत. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. 1 गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. फरक 13 चौरस फुटांचा दिसतो, पण 100 आरांवर तो एका गुंठ्याहून जास्त होतो. भावाभावांच्या वाटणीत एका गुंठ्यावरून बोलणं बंद झालेलं आपण पाहतो, तेव्हा खरेदीखत वाचताना शब्द आर आहे की गुंठा ते बघाच. 40 गुंठ्यांचा 1 एकर, 100 आरांचा 1 हेक्टर.

अतिवृष्टी म्हणजे नेमका किती पाऊस?

24 तासांत 65 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ही मोजणी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर होते, आपल्या धुऱ्यावर नाही. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. एकच झड दोन दिवसांत वाटली गेली की आकडा 65 च्या खाली येतो, हे त्यामुळेच घडतं.

1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. एकरात 4,047 चौरस मीटर असतात. तेव्हा 65 मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी उतरलं. दहा हजार लिटरचे 26 टँकर! तूर उभीच्या उभी का जळते ते या हिशोबावरून कळतं.

घरी मोजायचं असेल तर सरळ भिंतींचा, वर-खाली सारख्या रुंदीचा डबा उघड्या अंगणात, झाड आणि छपरापासून दूर ठेवा आणि सकाळी पट्टी उभी धरून पाणी मोजा. सरकारी कामात हा आकडा धरत नाहीत, पण आपल्या शेतात काय झालं ते आपल्याला कळतं.

वीज आपल्यापासून किती दूर पडली ते सांगता येते काय?

येतं. लख्ख दिसल्यापासून कडाड ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि 3 नं भागा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. 9 सेकंद झाले तर वीज 3 किलोमीटरवर आहे.

आता महत्त्वाचं. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वखर, डवरा जिथल्या तिथे सोडून निघायचं आणि शेवटच्या कडाडानंतर अर्धा तास परत शेतात जायचं नाही. निंबाखाली, मोहाखाली, विजेच्या खांबाजवळ थांबू नका. शेतातल्या टिनाच्या उघड्या छपरीखालीही भरवसा नाही. पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी, एसटी चालते. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, कानांवर हात घ्या, एकमेकांपासून अंतर ठेवा. जमिनीवर आडवं पडू नका, कारण जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी हे ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत हे उत्तर आम्ही फळ्यावरून पुसतच नाही.

मे महिन्यात एक दिवस सावली नाहीशी होते, हे खरं हाय का?

खरं आहे, आणि स्वतः पाहता येतं. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच राहते. चंद्रपूरला हा दिवस 20-21 मेच्या सुमारास येतो, यवतमाळला 22, वर्ध्याला 24 आणि नागपूरला 26 मेच्या आसपास. वेळ दुपारी बारा वाजून दहा-पंधरा मिनिटं. गेल्या वर्षी पोरांनी अभ्यासिकेच्या अंगणात पाण्यानं भरलेला स्टीलचा डबा उभा ठेवला होता. सव्वाबाराच्या सुमारास त्याच्या चारी बाजूंना कुठेच काळी कड उरली नाही.

जुलैच्या उत्तरार्धात सूर्य परत दक्षिणेकडे जाताना असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तो 25 मेच्या सुमारास, तिथून नऊ दिवस नवतपा. म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येण्याचा काळ आणि नवतपा लागून आहेत. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, म्हणून चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा पारा तेव्हा 45 च्या पुढे जातो.

कूलर पावसाळ्यात गार हवा का देत नाही?

ताट्यांवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा गार होते. पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली असते, पाणी उडत नाही, मग फक्त दमटपणा वाढतो. खोलीची दुसरी खिडकी उघडी ठेवली तरच कूलर चांगला चालतो. मातीच्या माठाचंही तत्त्व हेच.

कापूस म्हणजे फूल, की फळ?

दोन्ही नाही. कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. एकेक धागा ही बियांच्या सालीवरची एकच पेशी असते, ती इंचभर लांब वाढते. फळ म्हणजे बोंड. फूल त्याच्या आधी येतं. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन कोमेजतं. भेंडीचं फूल आणि पऱ्हाटीचं फूल शेजारी धरून बघा. भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या आहेत.

1 क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण 33 ते 36 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं आणि उरलेली ढेप आपल्या म्हशी खातात. रुईची एक गाठ 170 किलोची, म्हणजे गाठीला जवळपास 5 क्विंटल कापूस लागतो.

बीटीबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगतो. बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं नाव. त्याचा जनुक बियाण्यात टाकल्यामुळे झाड अळीला मारक प्रथिन स्वतः तयार करतं. देशात त्याला 2002 मध्ये परवानगी मिळाली. ते बोंडअळीसाठी होतं. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्यावर त्याचा परिणाम कधीच नव्हता. आणि गुलाबी बोंडअळीनं पुढे त्याला दाद देणं सोडलं, 2017 साली विदर्भानं ते फार सोसलं. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही जुनी पऱ्हाटी उभी ठेवली, की त्या अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळतं, म्हणून जानेवारीत पऱ्हाटी उपटून टाकायला सांगतात.

तुरीच्या मुळ्यांना गाठी दिसतात. तो रोग आहे काय?

नाही, ती कमाई आहे. त्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला खाता येईल असा करून देतात. एक गाठ नखानं फोडून पाहा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद आहे. सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांनाही अशाच गाठी येतात.

संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतात, झाडाला त्रास होत नाही का?

होतो, आणि तोच हवा असतो. त्याला ताण देणं म्हणतात. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, झाड अन्न फांद्यांत साठवतं. मग पाणी सोडलं की साठवलेली ताकद फुलोऱ्यात जाते आणि बहार एकसारखा फुटतो.

डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आणली तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढे-मागे तोडणीला येतात. उन्हाळ्यात ताण देऊन पावसावर फुलवला तो मृग बहार, त्याची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण किती दिवस द्यायचा ते जमिनीवर ठरतं. हलक्या जमिनीत लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. झाडाचं पान मलूल होऊन कडा वळू लागल्या आणि थोडी पानगळ झाली की बस. त्याच्या पुढे ताणलं तर फांद्या वाळतात. वरूड-मोर्शीकडचे बागायतदार ही वेळ पानाला हात लावून सांगतात, आणि ते ज्ञान कुठल्याही पुस्तकाच्या तोडीचं आहे. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. विदर्भात वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांनाही ते मिळालेलं आहे.

पळसाला पाने तीनच का?

वनस्पतिशास्त्राप्रमाणे पळसाचं ते एकच पान असतं, तीन पर्णिकांचं. तुरीचं, वालाचं पानही असंच तिपानी. पळस त्याच शेंगवर्गातला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर पान नसताना तो फुलतो, मैना आणि सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि परागीभवन करून जातात.

साप दूध पेते काय? डूख धरते काय?

दोन्ही नाही. सापाच्या आहारात दूध नाही, त्याला ते पचत नाही. अनेक दिवस उपाशी-तहानलेला ठेवला तर तो समोर येईल ते द्रव पितो, नागपंचमीला दाखवतात ते हेच. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही गोष्ट तर गावोगाव सांगतात. सापाला चोखायला मऊ ओठच नाहीत आणि दात आत वळलेले टोकदार असतात, गाय ते सहन करणारच नाही. धामण बिनविषारी आहे, गोठ्यात येते ती उंदरांसाठी. तिला मारू नका. नाग पुंगीच्या सुरावर डोलत नाही, पुंगीच्या हलण्यावर डोलतो. ओळख ठेवून सूड घेण्याइतका सापाचा मेंदू नाही.

महाराष्ट्रात माणसं प्रामुख्यानं चार सापांनी दगावतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. मण्यारीचा धोका वेगळा आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावल्याचं दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. अशी लक्षणं दिसली तर साप पाहिला नसला तरी लगेच दवाखाना. पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, झाडफूक करणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात-पाय लाकडी पट्टी बांधून हलू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि सरकारी ग्रामीण रुग्णालय गाठायचं. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती काढून आपल्याला टोचतात. एकाच औषधात चारही सापांवरचा उतारा असतो, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. वेळ हाच यातला खरा प्रश्न आहे.

5 एचपीची मोटर तासाला किती युनिट खाते?

1 एचपी म्हणजे 746 वॅट, तेव्हा 5 एचपी म्हणजे 3,730 वॅट. 1 युनिट म्हणजे 1,000 वॅट एक तास. हिशोबानं तासाला 3.7 युनिट, पण मोटर स्वतः काही वीज गमावते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. 9 वॅटचा एलईडी दिवा मात्र 1 युनिटवर 111 तास जळतो.

वाघ हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे ना?

वाघ राष्ट्रीय प्राणी आहे. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल तामण, राज्यवृक्ष आंबा. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. मेळघाट 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. या दोन्हींची अदलाबदल भरतीच्या पेपरात नेहमी होते.

गाडगेबाबांचं विद्यापीठ कोणतं आणि तुकडोजी महाराजांचं कोणतं?

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. दोघेही अमरावती जिल्ह्यातले, म्हणून घोळ होतो. गाडगेबाबा 1876 ते 1956, तुकडोजी महाराज 1909 ते 1968, मोझरीचा गुरुकुंज आश्रम त्यांचा. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ 2011 चं.

विदर्भातला सर्वांत नवा जिल्हा?

गोंदिया, 1 मे 1999. त्याआधी वाशिम 1998 आणि गडचिरोली 1982. एकूण 11 जिल्हे, त्यांतले 5 अमरावती विभागात आणि 6 नागपूर विभागात.

शकुंतलेचे रूळ इतके अरुंद का होते?

शकुंतला ही आपल्याकडची जुनी रेल्वे नॅरोगेज होती, दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजला ते 1,676 असतं. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर ही लाइन ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर मूर्तिजापूरला आणून मुंबईकडे पाठवण्यासाठी टाकली. कमी खर्चात होईल एवढीच रुंदी धरली. 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आमच्या भागातल्या साठीच्या माणसांनी तिची शिट्टी ऐकून घड्याळ लावलेलं आहे, त्यांच्याकडून ते ऐकून लिहून ठेवायला हवं.

नोटेवर मराठी कुठे असते? आणि सगळ्याच नोटांवर गव्हर्नरची सही असते काय?

एक रुपयाच्या नोटेवर नसते, ती भारत सरकारची नोट असल्यानं तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. बाकी नोटा रिझर्व्ह बँकेच्या, त्यांवर गव्हर्नरची. मराठीसाठी नोट उलटवा. मागच्या बाजूला उभ्या पट्टीत 15 भाषांत किंमत लिहिलेली असते, इंग्रजी वर्णक्रमानं. वरून मोजत या, आठवी ओळ मराठीची, बरोबर मधोमध.